ठराव झाला, पुढे काय? युनोचे शब्द आणि कृती यांत अंतर का पडते

गाझाची बातमी टीव्हीवर चालू असली की घरातले कोणीतरी हमखास विचारते, “मग युनो काय करतेय?” आजोबा विचारतात, कॉलेजात जाणारी मुलगी विचारते. उत्तरही ठरलेले असते: युनो म्हणजे बोलाचाच भात अन् बोलाचीच कढी, सगळे अमेरिकेच्या हातात, सोडून द्या. हे उत्तर अगदीच खोटे नाही. पण त्याने काही समजत नाही. शब्द एवढे मोठे असताना कृती एवढी लहान का होते, ती नेमकी कुठे लहान होते, कोण करते, हे त्यात येत नाही. आणि ते कळले नाही तर पुढच्या ठरावाच्या बातमीने आपण पुन्हा आशा धरणार आणि पुन्हा चिडणार.

म्हणून या लेखात आम्ही एकच प्रकरण नीट उलगडायचे ठरवले आहे. बोस्नियातले स्रेब्रेनिका. 11 जुलै 1995. या प्रकरणाचे कागद आज जगासमोर उघडे आहेत, खटले पूर्ण झाले आहेत, खुद्द संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच्या चुकांचा अहवाल छापला आहे. त्यामुळे तर्क कमी करावे लागतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ‘युनो’ नावाचा कोणी एक माणूस किंवा एक सरकार नाही. 26 जून 1945 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत जी सनद सह्यांसाठी ठेवली गेली तिच्यात माणसाची प्रतिष्ठा, लहानमोठ्या राष्ट्रांची समानता, युद्धापासून पुढच्या पिढ्यांची सुटका असे सगळे आहे. त्याच सनदेच्या 43 व्या कलमात असेही लिहिले होते की सदस्य देश आपले काही सैन्य सुरक्षा परिषदेच्या हवाली ठेवण्याचे करार करतील. ते करार आजवर एकाही देशाने केले नाहीत. म्हणजे संस्था उभी राहिली, ध्येय लिहिले गेले, पण ज्या हाताने ते ध्येय पार पाडायचे तो हात तिला मिळालाच नाही. आज निळी टोपी घातलेला प्रत्येक सैनिक कोणत्यातरी सरकारने काही काळासाठी दिलेला असतो. पैसाही सदस्य देशांच्या सरकारांकडूनच येतो. शब्द सगळ्यांनी मिळून लिहायचे आणि सैनिक ज्याने त्याने मनाला येईल तेवढे द्यायचे, असा हा कारभार आहे.

बोस्निया: युद्ध आणि बंदी

युगोस्लाव्हिया फुटायला लागला तेव्हा सप्टेंबर 1991 मध्ये सुरक्षा परिषदेने 713 क्रमांकाचा ठराव करून संपूर्ण युगोस्लाव्हियावर शस्त्रबंदी घातली. कागदावर हा ठराव निःपक्ष होता: कोणालाच शस्त्रे नाहीत. प्रत्यक्षात युगोस्लाव्ह सैन्याचा मोठा साठा सर्बांच्या बाजूला गेला आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या बोस्नियाच्या सरकारकडे, ज्यात बोस्नियन मुस्लिम मोठ्या संख्येने होते, लढायला फारसे काही उरले नाही. एकाच्या हातात तोफ आणि दुसऱ्याचे हात बांधलेले असताना “आम्ही दोघांनाही समान वागवतो” म्हणण्याला काय अर्थ? हा प्रश्न त्या काळात अनेक देशांनी परिषदेत विचारला. बंदी मात्र युद्ध संपेपर्यंत उठली नाही.

संयुक्त राष्ट्रांचे ‘संरक्षक दल’ फेब्रुवारी 1992 मध्ये स्थापन झाले. त्याचे पहिले सेनापती होते भारताचे लेफ्टनंट जनरल सतीश नांबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. त्यांना नेमून दिलेले काम क्रोएशियातले होते, मुख्यालय मात्र बोस्नियाच्या राजधानीत, साराजेव्होत ठेवले होते. एप्रिलमध्ये बोस्नियातच युद्ध भडकले आणि मुख्यालयाभोवती तोफगोळे पडू लागले. ज्या शहरावर हल्ला होतोय त्या शहरात शांतिसैनिक बसलेले, आणि तिथे काही करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. मेमध्ये मुख्यालय तिथून हलवावे लागले. एक वर्ष पूर्ण करून नांबियार परतले. पुढच्या तीन वर्षांत जे झाले त्याचे बीज या पहिल्या व्यवस्थेतच दिसते.

‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणजे काय?

स्रेब्रेनिका पूर्व बोस्नियातले डोंगरातले छोटे गाव. 1993 च्या सुरुवातीला आजूबाजूच्या खेड्यांतून हाकलले गेलेले हजारो मुस्लिम तिथे येऊन अडकले होते. अन्न नाही, औषध नाही, चारी बाजूंनी वेढा. मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांचे फ्रेंच जनरल फिलिप मोरियाँ तिथे पोहोचले. लोकांनी, विशेषतः बायकांनी, त्यांना बाहेर जाऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी जमावाला जाहीरपणे सांगितले की तुम्ही आता संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली आहात, आम्ही तुम्हाला सोडून जाणार नाही.

16 एप्रिल 1993 रोजी सुरक्षा परिषदेने ठराव 819 करून स्रेब्रेनिकाला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले. पुढच्या महिन्यात साराजेव्हो, तुझला, झेपा, गोराज्दे आणि बिहाच यांनाही तोच दर्जा मिळाला. ठराव 819 नंतर काही दिवसांतच परिषदेचे एक पथक स्रेब्रेनिकाला गेले होते. त्यात पाकिस्तानचे प्रतिनिधीही होते. पथकाचे प्रमुख, व्हेनेझुएलाचे राजदूत दिएगो अॅरिया यांनी परत येऊन तिथे संथ गतीने वंशसंहार चालू असल्याचे बजावले. म्हणजे “आम्हाला ठाऊक नव्हते” म्हणायची सोय नव्हती. दोन वर्षे आधी सांगून झाले होते.

आता ‘सुरक्षित क्षेत्र’ हा शब्द बघा. जिनिव्हा करारांमध्ये युद्धकाळातल्या संरक्षित जागांची व्यवस्था आहे, पण त्यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते. ती इथे नव्हती. म्हणून परिषदेने एक नवा शब्द काढला, ज्याची कायद्यात ठरलेली व्याख्याच नव्हती. ऐकणाऱ्याला वाटावे संरक्षण मिळाले. करणाऱ्यावर मात्र काही बंधन येऊ नये.

4 जून 1993 चा ठराव 836 तर शब्दकामाचा नमुनाच आहे. त्यात दलाला काम दिले ते या क्षेत्रांवरील हल्ल्यांना ‘परावृत्त करण्याचे’. ‘रक्षण करण्याचे’ असे लिहिले नाही. हे चुकून सुटले नव्हते. ठराव मांडणाऱ्या देशांनी तो शब्द जाणूनबुजून टाळला. बळ वापरण्याची परवानगी दिली, पण ‘स्वसंरक्षणार्थ’ असे जोडून. आता सैनिकाने काय समजायचे? गावावर हल्ला झाला तर गोळी चालवायची, की फक्त स्वतःवर हल्ला झाला तर? ठराव टाळ्यांच्या बातम्यांसह मंजूर झाला आणि अर्थ लावण्याचे काम खालच्या एका कर्नलवर सोडले गेले.

मग आकड्यांची गोष्ट येते. सहा क्षेत्रांभोवती खरा धाक बसवायचा तर अंदाजे 34,000 जादा सैनिक लागतील, असे महासचिवांच्या कार्यालयाने परिषदेला कळवले. त्याचबरोबर 7,600 सैनिकांचा एक ‘हलका पर्याय’ही ठेवला. परिषदेने, 18 जून 1993 रोजी, हलका पर्याय उचलला. एवढेही सैनिक देणारे देश पटकन मिळाले नाहीत. काही देशांचे सैन्य आले तर त्याच्याकडे पुरेशी साधने नव्हती. स्रेब्रेनिकात आधी कॅनडाची आणि 1994 च्या सुरुवातीपासून नेदरलँड्सची तुकडी बसली.

आमच्या मते स्रेब्रेनिका हातातून गेले ते या जून महिन्यात, न्यूयॉर्कमध्ये. 1995 च्या जुलैत त्याची फक्त अंमलबजावणी झाली.

जुलै 1995

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एप्रिल 1993 च्या करारानुसार गावातल्या मुस्लिम लढवय्यांनी शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात द्यायची होती. सगळ्यांनी दिली नाहीत आणि आतून बाहेर काही हल्लेही झाले. सर्ब सेनापती याचेच निमित्त पुढे करत राहिले. पण जी जड शस्त्रे दिली गेली होती ती जुलै 1995 मध्ये, हल्ला डोक्यावर आला असताना, लोकांनी परत मागितली तेव्हा मिळाली नाहीत. रक्षण आम्ही करणार आहोत, असे कारण देण्यात आले.

हल्ला 6 जुलैला सुरू झाला. डच सैनिकांच्या चौक्या एकामागून एक पडल्या. काही सैनिक सर्बांच्या ताब्यात गेले. तुकडी काही शे जणांची, हलकी शस्त्रे, इंधन संपत आलेले, कारण वेढा घालणारे रसदीचे ट्रक अडवत होते. हवाई मदतीची मागणी पुन्हा पुन्हा वर गेली आणि वरच अडकली. याला कारणही होते. मे महिन्यात नाटोच्या विमानांनी सर्बांच्या दारूगोळ्याच्या कोठारावर बॉम्ब टाकल्यावर सर्बांनी चारशेच्या आसपास शांतिसैनिक ओलीस धरले होते. त्यानंतर ज्या सरकारांचे सैनिक तिथे होते त्यांना पहिली काळजी आपल्या पोरांची होती. माणूस म्हणून ते समजते. पण मग “आम्ही तुमचे रक्षण करू” हा शब्द त्यांनी परत घ्यायला हवा होता, निदान शस्त्रे तरी परत द्यायला हवी होती.

11 जुलैच्या सकाळी गावातले लोक आकाशाकडे डोळे लावून होते. विमाने दुपारी अडीचनंतर आली, बॉम्ब टाकले, आणि ताब्यातल्या डच सैनिकांना मारण्याची धमकी आल्यावर पुढचे हल्ले थांबले. त्याच दुपारी जनरल रात्को म्लादिच कॅमेऱ्यासमोर गावात शिरला.

वीस-पंचवीस हजार लोक पोतोचारीच्या डच तळाकडे धावले. जुन्या बॅटरी कारखान्यातला हा तळ. चार-पाच हजार आत घेतले गेले, बाकीचे बाहेर उघड्यावर. 12 आणि 13 जुलैला सर्ब सैनिकांनी पुरुष आणि मोठी मुलगे वेगळे काढले, बायका-मुलांना बसमध्ये कोंबून पाठवले. 13 तारखेला तळाच्या आत असलेल्यांनाही बाहेर जायला सांगण्यात आले. संयुक्त राष्ट्रांसाठी दुभाषाचे काम करणारा हसन नुहानोविच हा तरुण तिथेच होता. त्याच्याकडे ओळखपत्र होते म्हणून तो थांबू शकला. त्याचे आईवडील आणि भाऊ यांच्याकडे नव्हते. त्यांना गेटाबाहेर काढले गेले आणि ते मारले गेले. जंगलातून तुझलाकडे पायी निघालेल्या हजारो पुरुषांनाही वाटेत गाठले गेले. एकूण आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे काही दिवसांत मारले गेले.

जबाबदार कोण?

इथून पुढचा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, आणि तोच नीट समजून घेण्यासारखा आहे.

नोव्हेंबर 1999 मध्ये महासचिव कोफी अन्नान यांनी स्रेब्रेनिकावरचा अहवाल महासभेसमोर ठेवला. बोस्नियाच्या युद्धात शांतिरक्षा विभागाचे प्रमुख स्वतः अन्नानच होते, हे लक्षात घ्या. अहवालात चुकीचे मोजमाप, शब्दांची संदिग्धता, आक्रमक आणि बळी यांना एकाच तराजूत तोलणे, हे सगळे मान्य केले आहे. कोणत्याही सरकारने आपल्याविरुद्ध असा कागद क्वचितच लिहिला असेल. मात्र त्या कागदाने कोणाची नोकरी गेली नाही आणि कोणाच्या आईला भरपाई मिळाली नाही.

‘मदर्स ऑफ स्रेब्रेनिका’ या बायकांच्या संघटनेने नेदरलँड्समध्ये थेट संयुक्त राष्ट्रांवर दावा लावला. 2012 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संयुक्त राष्ट्रांना पूर्ण कायदेशीर अभय आहे, त्यांच्यावर खटला चालत नाही. 2013 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही तेच कायम ठेवले. जी संस्था जगाला न्यायाचा हक्क शिकवते तिच्याविरुद्ध न्याय मागायला दार नाही. हैतीतही हाच अनुभव आला. 2010 मध्ये शांतिसैनिकांच्या तळाच्या सांडपाण्यातून तिथे कॉलरा पसरला, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. 2016 मध्ये महासचिवांनी माफी मागितली, पण अमेरिकेतल्या न्यायालयात अभयाचा मुद्दाच टिकला.

नेदरलँड्सचे सरकार मात्र एवढे सुटले नाही. 2002 मध्ये अधिकृत चौकशी अहवालानंतर पंतप्रधान विम कोक यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. नुहानोविच आणि आणखी एका कुटुंबाच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डच राज्याला जबाबदार धरले. तळातून बाहेर काढलेल्या सुमारे 350 पुरुषांबाबत 2019 मध्ये निकाल आला: राज्य जबाबदार आहे, पण फक्त दहा टक्के. कारण आत ठेवले असते तरी ते वाचण्याची शक्यता न्यायालयाला तेवढीच वाटली. खालच्या न्यायालयाने तीस टक्के धरली होती. माणसाच्या जगण्याची शक्यता टक्क्यांत मोजून त्यावर भरपाई ठरली. पोटात कालवते, पण निदान एका राज्याला न्यायालयात उभे तरी राहावे लागले. संस्थेला तेही नाही.

चार टाके कुठे सुटतात?

स्रेब्रेनिका ही एकच घटना असती तर तिला अपवाद म्हणता आले असते. पण तीच वीण इतर ठिकाणीही उसवलेली दिसते.

सगळ्यात ठळक म्हणजे व्हेटो. पाच कायम सदस्य: अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स. यांतला एक ‘नाही’ म्हणाला की उरलेले चौदा ‘हो’ म्हणाले तरी ठराव पडतो. 8 डिसेंबर 2023 रोजी गाझातील युद्धबंदीच्या ठरावाला 13 मते होती, ब्रिटन तटस्थ, अमेरिकेने नकाराधिकार वापरला. 4 जून 2025 ला 14 विरुद्ध 1, पुन्हा तेच. 12 डिसेंबर 2023 ला महासभेत 153 देशांनी, त्यांत भारतानेही, युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. पण महासभेचा ठराव शिफारस असतो, आदेश नाही. आपल्याकडे या दोन सभांची बातमी एकाच सुरात दिली जाते, म्हणून गोंधळ होतो. आणि हे फक्त अमेरिकेपुरते धरू नये. सीरियात लोक मरत असताना रशियाने पुन्हा पुन्हा व्हेटो टाकला, अनेकदा चीनही सोबत होता. जुलै 2015 मध्ये स्रेब्रेनिकाला वंशसंहार म्हणणारा ठराव रशियाच्याच व्हेटोने पडला, हत्याकांडाला वीस वर्षे होत असताना.

पैशाचे तंत्र कमी दिसते, पण तेवढेच धारदार आहे. 31 ऑक्टोबर 2011 रोजी युनेस्कोने बहुमताने पॅलेस्टाइनला सदस्य करून घेतले. अमेरिकेने आपल्या जुन्या कायद्याकडे बोट दाखवून वर्गणी थांबवली. ती वर्गणी युनेस्कोच्या अंदाजपत्रकाच्या 22 टक्के होती. शाळा, ग्रंथालये, वारसास्थळे यांच्या योजनांना एका मताची किंमत मोजावी लागली. व्हेटो तिथे नव्हता, तरी चालला.

सैन्याबाबत रुआंडाचे उदाहरण स्रेब्रेनिकाच्या आधीचे आहे, 1994 चे. तिथे सुमारे अडीच हजार शांतिसैनिक होते. कत्तली सुरू झाल्या, दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी परत बोलावली. 21 एप्रिलला परिषदेने दल वाढवायचे सोडून 270 वर आणले. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. आणि त्या वर्षी कत्तल करणाऱ्या सरकारचा प्रतिनिधी सुरक्षा परिषदेत सदस्य म्हणून बसलेला होता!

इथे आपल्या देशाचाही संबंध येतो. शांतिसेनेत सर्वाधिक सैनिक देणाऱ्या देशांत भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान हे वर्षानुवर्षे पुढे आहेत. भारताचे दीडशेहून अधिक जवान या कामात शहीद झाले. सैनिक कुठे, कोणत्या अधिकाराने जाणार हे ठरवणाऱ्या कायम पाच जणांत मात्र यांपैकी कोणी नाही. हुकूम एकाचा, रक्त दुसऱ्याचे.

आपल्या घरातही पाहू

युनोला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडच्या चर्चेत एक वाक्य नेहमी येते: मुस्लिम देशांची स्वतःची संघटना असती तर असे झाले नसते. ती आहे. इस्लामी सहकार्य संघटना, ओआयसी, 1969 पासून. मस्जिद-ए-अक्सामध्ये आग लावण्याच्या घटनेनंतर रबातच्या परिषदेत तिची पायाभरणी झाली. आज 57 सदस्य आहेत.

मार्च 2019 मध्ये अबू धाबीत या संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली. तिच्या एका ठरावात चीन आपल्या मुस्लिम नागरिकांची जी काळजी घेतो तिची प्रशंसा केली गेली. हे ते दिवस होते जेव्हा शिनजियांगमध्ये वीगर मुस्लिमांना मोठ्या प्रमाणावर छावण्यांत ठेवल्याच्या बातम्या जगभर येत होत्या. ऑक्टोबर 2022 मध्ये जिनिव्हात मानवाधिकार परिषदेपुढे प्रश्न आला तो फक्त शिनजियांगवर चर्चा घ्यायची की नाही एवढाच. चर्चेच्या बाजूने 17, विरोधात 19. विरोधात मत देणाऱ्यांत पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती होते. मलेशिया तटस्थ, भारतही तटस्थ. मुस्लिम देशांत सोमालियाने मात्र चर्चेच्या बाजूने मत दिले.

कारण शोधायला लांब जायला नको. कर्ज, बंदरे, तेल, व्यापार. न्यूयॉर्कमध्ये जे अमेरिका करते तेच इथे छोट्या प्रमाणावर आपल्या लोकांनी केले. उम्मत हा शब्द जाहीरनाम्यात असतो, मत मात्र परराष्ट्र खाते देते. हे वाचून काहींना राग येईल, पण आम्हाला वाटते एकाला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे लावले तर आपल्या तक्रारीतली ताकदच जाते.

मग काहीच होत नाही का?

होते. त्याच ओआयसीच्या पाठिंब्याने गांबिया या आफ्रिकेतल्या छोट्याशा देशाने नोव्हेंबर 2019 मध्ये रोहिंग्यांच्या प्रश्नावर म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. 23 जानेवारी 2020 रोजी न्यायालयाने रोहिंग्यांच्या संरक्षणासाठी तातडीचे आदेश दिले. गांबियाची म्यानमारशी ना सीमा लागते ना मोठा व्यापार. गमावण्यासारखे कमी होते म्हणून बोलता आले, असेही म्हणता येईल. पण बोलले, हे खरे. न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत, आदेश पाळायला लावणे पुन्हा सुरक्षा परिषदेकडे जाते, आणि तिथे व्हेटो बसलेला आहे. तरीही निकालाचा कागद उरतो.

बोस्नियाचा अनुभव तेच सांगतो. मे 1993 मध्ये, म्हणजे हत्याकांडाच्या दोन वर्षे आधी, युगोस्लाव्हियासाठी विशेष न्यायाधिकरण स्थापन झाले होते. थोडक्यात, गुन्हा थांबवायला सैन्य दिले नाही, खटल्याची सोय मात्र आधीच करून ठेवली. म्लादिच सोळा वर्षे सापडत नव्हता. सर्बियाला युरोपीय संघात शिरायचे होते आणि त्यासाठी आरोपी सोपवण्याची अट पडली, तेव्हा 26 मे 2011 ला तो पकडला गेला. 2017 मध्ये जन्मठेप, 2021 मध्ये अपिलातही तीच कायम. इथेही आदर्श कामाला आला तो कोणाचा तरी फायदा त्याला जोडला गेल्यावर.

आणि आपल्या मोहल्ल्यातले पोलिओचे दोन थेंब आठवा. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, सरकार, आरोग्यसेविका, मशिदीतून आवाहन करणारे इमाम, सगळे एकत्र आले. 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. यंत्रणा तीच संयुक्त राष्ट्रांची. फरक एवढाच की रोग हटवण्याच्या आड इथे कोणत्याही बड्या देशाचा स्वार्थ येत नव्हता, आणि आपल्या सरकारने पैसा, माणसे, वर्षे सगळे लावले.

पुढची बातमी वाचताना

ठराव झाल्याची बातमी आली की घरात काही साधे प्रश्न विचारून बघावेत. ठराव कोणाचा, महासभेचा की सुरक्षा परिषदेचा? त्यातले क्रियापद काय आहे: ‘मागणी’, ‘आवाहन’, ‘चिंता’, की ‘निर्णय’? रक्षण म्हटले आहे, की परावृत्त करणे? सैनिक किती मागितले होते आणि किती मिळाले? पैसे कोण देणार? मत कोणी टाळले? 25 मार्च 2024 ला गाझाबाबत रमजानमध्ये तत्काळ युद्धबंदीची मागणी करणारा ठराव 2728 सुरक्षा परिषदेत 14 विरुद्ध शून्याने मंजूर झाला, अमेरिका तटस्थ राहिली. त्याच दिवशी अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी हा ठराव बंधनकारक नसल्याचे सांगितले. अनेकांनी टीव्हीवर फक्त पहिली अर्धी बातमी ऐकली होती.

शब्दांचे महत्त्व कमी आहे असा याचा अर्थ नाही. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल अशा शब्दाऐवजी ‘सर्व मानव’ असा शब्द यावा म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता अडून बसल्या होत्या. पूर्वी मुंबईच्या विधान परिषदेत काम केलेली ही बाई. तो एक शब्द आजही जगभरच्या न्यायालयांत स्त्रियांच्या बाजूने वापरता येतो. शब्दासाठी भांडणारे कोणी असले तर तो पुढे कामाला येतो. स्रेब्रेनिकाच्या ठरावात ‘रक्षण’ हा शब्द टाळला जाताना अडून बसणाऱ्यांकडे व्हेटो नव्हता.

23 मे 2024 रोजी महासभेने 11 जुलै हा स्रेब्रेनिका वंशसंहाराच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून मान्य केला. बाजूने 84, विरोधात 19, तटस्थ 68. दर वर्षी त्या दिवशी पोतोचारीच्या कब्रस्तानात नव्याने ओळख पटलेल्यांचा जनाजा होतो. मारेकऱ्यांनी पुरावा लपवण्यासाठी सामूहिक कबरी यंत्राने उकरून हाडे दुसरीकडे हलवली होती, त्यामुळे एकाच माणसाचे अवशेष दोन-तीन ठिकाणी सापडतात. डीएनए चाचणीने नाव कळते. मग घरच्यांनी ठरवायचे असते: मिळाले तेवढे दफन करायचे, की उरलेले मिळेपर्यंत आणखी थांबायचे.